पंचकल्याणीचा पुढचा उजवा पाय

आमच्या घरात घोडा आला तो टांग्यामुळे. शकुंतला रेल्वे धावत होती त्या काळात आजोबांचा टांगा दारव्हा मोतीबाग स्टेशनाबाहेर उभा राहत असे. पुढे टांगा मोडीत निघाला, शकुंतलाही थांबली, पण दाराशी एक तरी घोडा असावा हे वेड वडिलांकडून माझ्याकडे आले, आणि आता तो घोडा वरातींत चालून आपल्या चाऱ्याचा खर्च स्वतः काढतो. सध्याची घोडी राणी ही माळेगावच्या यात्रेतून आणलेली. चारही पाय खाली पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, आणि म्हणून नवरदेवाकडच्या मंडळींना हवीहवीशी. तीन पिढ्या घोडे सांभाळूनही मला घोड्याचा पाय पाहता येत नव्हता, हे मात्र मला या घोडीने शिकवले, आणि त्यासाठी तिला जवळजवळ एक वर्ष सोसावे लागले.

गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये एका सकाळी राणी पुढचा उजवा पाय टेकवेना. आदल्या संध्याकाळी ती नीट चालत होती. रात्रीतून असे काय झाले म्हणून आम्ही खांद्यापासून खाली चाचपत आलो. पायाला सूज नव्हती, जखम नव्हती. शेजाऱ्यांनी खांदा भरल्याचे निदान केले, वडिलांनी साप-विंचवाची शंका काढली आणि सालदाराने हळद-चुन्याचा लेप तयार केला. खुराकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, कारण खुराला नाल होती आणि ती जागेवर होती. नाल पडली नाही तोवर घोड्याचा पाय धड आहे, असाच आमच्या घरचा हिशेब होता.

तालुक्याहून पशुवैद्यक डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो नाल केव्हा ठोकली होती याचा. मला तारीख आठवेना. बोटांवर मोजले तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे अकरा आठवड्यांपूर्वीची निघाली. लग्नसराई संपली, पेरणीची घाई सुरू झाली, आणि घोडीला काम नाही म्हणून तिच्या पायांकडे पाहण्याचेही काम उरले नाही. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, लोखंड वाढत नाही. त्यामुळे पाच-सहा, फार तर आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेला खूर तासून ती पुन्हा बसवावी लागते. तसे केले नाही तर खुराचे टोक पुढे पुढे जाते, त्याबरोबर नालही पुढे ओढली जाते, आणि टाचेच्या कडेवर टेकलेली नालेची दोन्ही टोके आत सरकून तळव्यावर दाब देऊ लागतात. राणीच्या उजव्या पायात नेमके हेच झाले होते. डॉक्टरांनी पाय आपल्या गुडघ्यांत धरून मला वाकून पाहायला लावले, तेव्हा नाल आणि टाच यांच्यामधून काळ्या मातीचा वाळलेला थर बाहेर आलेला दिसला, आणि तो खरवडताच सडक्या पनीरासारखा वास आला.

त्याच दिवशी त्यांनी मला नस पाहायला शिकवली. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही कडांना बोटांची टोके हलकेच ठेवायची. निरोगी पायात ती नस शोधावी लागते आणि कित्येकदा सापडतही नाही. दुखऱ्या पायात ती आपणहून बोटावर आपटते. राणीच्या डाव्या पायात मला काही लागले नाही आणि उजव्यात ती इतकी उडत होती की मी दचकून हात काढला. इतकी वर्षे मी त्या जागेवरून खरारा फिरवत आलो होतो.

नाल काढण्याचे काम आमच्या नालबंद चाचांचे. ते दर बाजाराच्या दिवशी तालुक्याला बसतात आणि बैलांच्या नाला हे त्यांचे मुख्य काम आहे. त्या दिवशी बाजार नव्हता, म्हणून सालदाराने पकड लावून नाल उपटायचा प्रयत्न केला, आणि खिळ्यासकट खुराच्या कडेचा बोटभर तुकडा निघाला. बाहेरच्या बाजूला वाकवलेली खिळ्यांची टोके आधी सरळ करायची किंवा कानशीने घासून टाकायची आणि मगच नाल टाचेकडून पुढे सैल करत आणायची असते, हे आम्हाला चाचा दुपारी आले तेव्हा कळले. त्यांनी पाय हातात घेतला, नालेकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, ही नाल नाई रायली, बेडी झाली बेडी.’’ त्यानंतर ते मला काही बोलले नाहीत, त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

नाल निघाल्यावर डॉक्टरांनी मोठ्या सांडशीसारख्या चिमट्याने खूर जागोजागी दाबून पाहिला. आतल्या टाचेजवळ दाबताच राणीने पाय हिसकला. तिथे सुरीने अगदी थोडे कोरल्यावर राखाडी-काळे पाणी बाहेर आले, जेमतेम चमचाभर. एवढ्याशा पुवासाठी चारशे किलोच्या जनावराने पाय टेकवू नये याचे मला नवल वाटले, पण खुराचे कवच फुगत नाही. माणसाच्या नखाखाली पू झाला की जो ठणका लागतो तोच इथे, आणि वर सगळ्या अंगाचा भार. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार असतो म्हणून त्याचे इंजेक्शन त्यांनी लगेच दिले. वेदनेसाठी मेडिकलवाल्याने डायक्लोफिनॅक पुढे केले होते, ते डॉक्टरांनी परत पाठवले. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ पासून बंदी आहे, आणि तरी ते मागणारे व देणारे दोघेही गावोगाव आहेत. त्यांनी मेलोक्सिकॅम लिहून दिले.

पुढचे दहा दिवस घोडीचा पाय हेच माझे काम झाले. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून तिचा खूर वीस मिनिटे बुडवून ठेवायचा, तो पुसून कोरडा करायचा, छिद्रावर आयोडीनचा बोळा ठेवायचा, वर कापूस, त्यावर लहान बाळाचा डायपर आणि त्यावर पाइप बांधायची चिकटपट्टी. डायपरची युक्ती डॉक्टरांची. दुकानात मी सर्वांत मोठ्या मापाचे पाकीट मागितले, तेव्हा दुकानदाराने बाळ किती महिन्यांचे म्हणून विचारले, आणि मला काय सांगावे ते सुचेना. तिसऱ्या दिवशी तिने पाय टेकवला, पाचव्या दिवशी ती दाराकडे चालत आली.

गळू बरे झाले तरी मूळ दुखणे उरलेच होते. खुराच्या तळाशी मधोमध जो मऊ, त्रिकोणी भाग असतो, ज्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, तो चारही पायांत कडेने सडत चालला होता. त्याच्या मधल्या खाचेत करंगळीचे टोक जात होते. हवा न पोचणाऱ्या ओल्या जागी वाढणाऱ्या जंतूंचे हे काम असते. आमच्या गोठ्यात शेण-मुताने भिजलेली जमीन आणि बाहेर चिकट काळी माती, म्हणजे त्या जंतूंसाठी आम्ही सर्व सोय करून ठेवली होती. काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे त्यांना सांगायला नको. ती खुरात भरते, तिच्यात कुटार मिसळते आणि सुकल्यावर तिचे सिमेंट होते. नालेच्या कडेमुळे ही भर अधिक घट्ट धरून राहते. सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी जळके ऑइल लावा म्हणाले, कोणी मोरचूदाची पूड भरा म्हणाले. मोरचूद डॉक्टरांनीही वापरले, पण अगदी थोडे, बोळ्याला लावून आणि सडलेला भाग काढून झाल्यावर. जिवंत मांसावर पूड दाबली तर ती रोगाबरोबर घोडीलाही भाजते. जळक्या ऑइलने वरून चकाकी येते, आतली ओल मात्र आतच राहते.

औषधापेक्षा उपयोग झाला तो जागा बदलल्याचा. गोठ्याच्या उंच कोपऱ्यात एक ट्रॉली मुरूम टाकून तो चोपला, त्यावर रेतीचा थर दिला, मुताला उतार काढला, आणि रात्री घोडी कोरड्यातच उभी राहील एवढे पाहिले. रोज संध्याकाळी चारही खूर टाचेकडून टोकाकडे कोरून साफ करण्याचे काम मी सालदारावर न सोपवता स्वतःकडे ठेवले. चार पायांना आठ मिनिटे लागतात. पोळ्यापर्यंत वास गेला होता.

नाल मात्र परत ठोकली नाही. पावसाळाभर घोडी अनवाणीच राहू द्या, टाचेला मोकळे फाकू द्या, खिळ्यांनी पोखरलेली कड वाढून निघून जाऊ द्या, असे डॉक्टरांचे मत होते. वडिलांना हे पटले नाही. बिननालीचा घोडा त्यांच्या लेखी बेवारस घोडा. चाचांनाही फारसे पटले नसावे, तरी त्यांनी तासणी बदलली. पूर्वी ते तळवा आणि फ्रॉग सुरीने कोरून पांढराशुभ्र करून देत आणि आम्ही त्या सफाईवर खूष असू. आता तळव्याला हात न लावता फक्त वाढलेली कड कापायची आणि बाहेरची धार कानशीने गोल करायची असे ठरले, कारण गोल केलेली कड दगडावर फुटत नाही आणि जाड तळवा हाच अनवाणी घोड्याचा जोडा असतो. पहिले तीन आठवडे राणी गिट्टीच्या रस्त्यावर काचा पसरल्यासारखी चालली. मोबाईलवर परदेशातले अनवाणी घोडे खडकावरून दौडताना पाहून मी वैतागत असे. पण ते घोडे दिवसभर कोरड्या माळावर हिंडतात, माझी घोडी चिखलातून निघून गिट्टीवर चढते. भिजणे आणि सुकणे आलटून पालटून चालले की खूर ठिसूळ होतो. पांढरे खूर मुळातच कच्चे असतात ही समजूत मात्र मी याच काळात सोडली. रंगाचा आणि कठीणपणाचा संबंध नसतो असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि वडिलांच्या जुन्या काळ्या खुरांच्या घोड्याचेही खूर असेच फुटत असत हे मला आठवले.

ऑक्टोबरमध्ये मळणी यंत्र शेतात आले आणि घरातली सगळी माणसे सोयाबीनवर होती. दुपारी परतलो तेव्हा राणी दावे तोडून पडवीत उभी होती आणि दळणासाठी काढून ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्यातली निम्मी ज्वारी संपली होती. घोडी अगदी मजेत होती. पूर्वीच्या मी तिला दोन शिव्या घालून बांधून टाकले असते. त्या वेळी मात्र मी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ न देता बर्फ आणायला सांगितले.

पोटात एकदम गेलेले धान्य मागच्या आतड्यात आंबते, त्यातले विष रक्तात उतरते आणि त्याचा मार खुरावर बसतो, हे तोवर मी ऐकलेही नव्हते. खुराचे कवच आतल्या हाडाला धरून असते ते दोन कंगव्यांचे दात एकमेकांत रुतवावेत तसे. ते दात सैल झाले की घोड्याच्या भाराने हाड खाली फिरते, आणि मग काही केले तरी घोडा पूर्वीचा होत नाही. लंगडणे दिसू लागते तोवर नुकसान सुरू झालेले असते, म्हणून जे करायचे ते त्याआधी. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडले. आम्ही खताच्या पोत्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बर्फाचे तुकडे आणि पाणी भरून तिचे पुढचे पाय गुडघ्याच्या खालपर्यंत त्यात ठेवले. मासेवाल्यांना बर्फ देणाऱ्या माणसाकडून लाद्या आणल्या. रात्री दोनला त्याला पुन्हा उठवले, तेव्हा एवढे मासे कोणाच्या घरी शिजताहेत असे त्याने विचारले. दोन दिवस आणि दोन रात्री आई, मी आणि सालदार आळीपाळीने पिशव्या भरत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची नस बोटावर आपटू लागली आणि ती पुढचे पाय लांब टाकून मागच्या पायांवर रेलली. मी इतका हादरलो की बर्फाचा काही उपयोग झाला नाही असेच मला वाटले. तिसऱ्या दिवशी ते ओसरले. पुढच्या आठवड्यात पिकअपमध्ये जाड रेती टाकून तिला हळूहळू अकोल्याला नेले आणि एक्स-रे काढला. हाड अगदी थोडेच सरकले होते. डॉक्टरांनी ती काचेवर लावलेली फिल्म मला दोनदा दाखवली. मला दोन्ही वेळा काहीच कळले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

त्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या वराती मी सोडल्या आणि घेतलेले इसार परत केले. एका पाटलांनी घोडी तर उभी दिसते आहे, मग अडचण काय, असे विचारले. त्यांना समजावणे मला जमले नाही. जानेवारीअखेरपर्यंत धान्य बंद, भिजवलेले सुके गवत आणि मोजका कडबा, आणि दर चार आठवड्यांनी तासणी. डिसेंबरमध्ये मला तिच्या पुढच्या खुरांवर, केसांच्या कडेखाली एका बोटावर, आडवी उंचवटलेली रेघ दिसली. ज्वारी खाल्ली त्या दिवसाची ती खूण होती. खूर वरून उगवतो आणि खाली सरकतो, त्यामुळे घोड्याने काय सोसले ते त्याच्या खुरावर वरून खाली वाचता येते. मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि केसांपासून रेघेचे अंतर लिहायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत वराती पुन्हा घेतल्या, त्याही निवडक आणि अनवाणीच. दोनच वरातींत पुढच्या खुरांची कड झिजून तळव्याच्या पातळीला आली. सिमेंटच्या रस्त्यावर डफड्याच्या तालावर दोन-दोन तास टापा आपटणारा पाय जितका झिजतो तितका वाढत नाही, हे साधे गणित मी मानायला तयार नव्हतो, कारण अनवाणी घोड्याचे मला एव्हाना कौतुक वाटू लागले होते. मागचे पाय मात्र उत्तम होते. घोड्याचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो, आणि शेवटी पुढे नाल आणि मागे मोकळे असे ठरले. चाचा हसले आणि म्हणाले, ‘‘अर्धी चप्पल घालून देतो मंग.’’

या वेळी मी त्यांच्याजवळ बसून काम पाहिले. नाल ठोकून ठोकून त्यांनी खुराच्या आकाराची केली. नालेच्या आकाराचा खूर करणारे नालबंदही असतात आणि घाईत चाचाही पूर्वी तसेच करत. आठऐवजी सहाच खिळे, आणि तेही खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढेच, कारण मागे टाच प्रत्येक पावलाला थोडी फाकते आणि खिळा तिला बांधून टाकतो. प्रत्येक खिळा तळाच्या पांढऱ्या रेघेच्या, म्हणजे कवच आणि तळवा जुळतात त्या सांध्याच्या, बाहेर लावून ते हातोडीचे ठोके ऐकत होते. खिळा घट्ट कवचात शिरत असेल तर ठोक्यागणिक आवाज चढत जातो, आणि आत मऊ भागाकडे वळला तर आवाज बसतो. चौथ्या खिळ्याला आवाज बसला. मला तो फरक कळला नव्हता, पण राणीच्या कातडीवरून एक शहारा गेला. चाचांनी खिळा लगेच ओढला, त्याचे टोक बोटाच्या नखावर फिरवून पाहिले, ओलसर होते. त्यांनी भोकात आयोडीन सोडले आणि तिथे खिळा न मारता पाचच खिळ्यांवर नाल बसवली. पूर्वी कधी असे झाले असेल आणि मी विडी ओढत बाहेर उभा असेन.

भिंतीवर नालेची तारीखही लिहिली, तिच्यापुढे पाच आठवड्यांनंतरची. मे महिन्यात ऊन ४५ अंशांवर गेले, खूर वाळून दगड झाले आणि खिळे हलू लागले, तेव्हा ती तारीख मी आठवडाभर आधी ओढली. शेवटची वरात १० जूनला झाली आणि १२ जूनला, पेरणीआधी, नाला उतरवल्या. उरलेला राग एवढाच की खिळ्यांची भोके कडेला पुन्हा दिसू लागली. पण पाच भोके आणि बारा-चौदा आठवड्यांचा काळ, एवढे मी आता कबूल करतो.

रेघ खाली सरकत होती. भिंतीवरचे आकडे महिन्याला सात, आठ, पावसाळ्यात नऊ मिलिमीटर असे होते, आणि आई त्यांना राणीची पत्रिका म्हणे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात चाचा बैलांसाठी गावात आले, तेव्हा पुढच्या उजव्या खुराची रेघ जमिनीला टेकली होती. त्यांनी पकडीने कड कापली, कानस फिरवली, आणि रेघ असलेला चंद्रकोरीसारखा तुकडा माझ्या पायाशी पडला. तो मी जपून ठेवणार होतो. कागद आणायला आत गेलो आणि परत आलो तोवर आमच्या कुत्र्याने तो तोंडात धरून उकिरड्याकडे धूम ठोकली होती.